अळंब्याला बोट दाखवू नये

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने मला शाल, श्रीफळ आणि एक छत्री दिली. शाल-श्रीफळ सगळ्यांनाच देतात. छत्री खास माझ्यासाठी होती, कारण जव्हारमध्ये मला 'कुत्र्याच्या छत्र्यावाल्या बाई' म्हणतात आणि हे मला ठाऊक नाही असा सगळ्यांचा गोड समज आहे. प्राचार्यांनी भाषणात मला 'बुरशीला वाहून घेतलेलं व्यक्तिमत्त्व' म्हटलं. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. तो आमचा शिपाई होता आणि त्याचं बरोबर होतं.

वनस्पतिशास्त्र शिकवणं ही माझी नोकरी. तिच्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. फुलाचा उभा छेद फळ्यावर काढून काढून माझा उजवा खांदा गेला, एवढंच त्यातलं सांगण्याजोगं आहे. माझं खरं काम पावसाळ्यात चालायचं आणि अजूनही चालतं. जव्हार-मोखाड्याच्या रानात हिंडून लाकडावर वाढणाऱ्या बुरश्या गोळा करायच्या, वाळवायच्या आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेला पाठवायच्या. बुरशीतून कॅन्सरवरचं औषध निघू शकेल का, हे ती प्रयोगशाळा शोधते. हे वाक्य मी आयुष्यभर असंच, त्यातल्या 'शकेल का'सकट बोलत आले. ऐकणारे मात्र ते दोन शब्द माझ्याच दारात चपलांसारखे सोडून घरी जातात.

बुरशी म्हणजे झाड नव्हे, हे आधी सांगून टाकते. तिचं खरं अंग लाकडाच्या किंवा मातीच्या आत धाग्याधाग्यांनी पसरलेलं असतं. बाहेर दिसतं ते तिचं फळ. आपण अळंबं म्हणतो ते फळ. त्यातली काही मऊ, रश्शात घालायची. काही खोडाला कानासारखी चिकटलेली, वर्षानुवर्षं वाढणारी, दगडासारखी टणक. आम्हाला हवी असायची ती ही कानवाली. बुरशीला पाय नाहीत, दात नाहीत, पळून जायची सोय नाही. आजूबाजूचे जंतू, किडे, दुसऱ्या बुरश्या, सगळे तिच्या जेवणावर टपलेले. मग ती बसल्या जागी नाना तऱ्हेची रसायनं तयार करते आणि एकेकाला गार करते. त्यातलंच एखादं रसायन आपल्या अंगातल्या मोकाट सुटलेल्या पेशींना गार करील काय, हा सगळा खटाटोप त्यासाठी. पेनिसिलिन बुरशीतूनच निघालं, त्यामुळे आशा अगदीच वेडी नाही.

आमच्याकडे या कानवाल्यांतलं एक घराघरात माहीत आहे. फणसअळंबं. जुन्या फणसाच्या खोडावर येतं, तपकिरी, लाकडासारखं कडक. तान्ह्या मुलाची लाळ फार गळायला लागली, तोंड आलं, की ते सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात. माझ्या आईने मला लावलं, मी माझ्या मुलीला लावलं. प्रयोगशाळेच्या यादीत हेच फणसअळंबं भारदस्त लॅटिन नाव घेऊन पहिल्या ओळीत बसलेलं पाहिलं, तेव्हा गल्लीतला बंड्या टीव्हीवर दिसल्यासारखं वाटलं मला.

या कामात माझ्याबरोबर असायची साखरशेत गावची जयवंती. भात-नाचणीची थोडी शेती, नवरा लहानू दिवाळीनंतर वसईकडे गवंडीकामाला, एक मुलगा आश्रमशाळेत. वयाने माझ्याहून बरीच लहान. पण पहिल्या दिवसापासून ती मला 'तू' म्हणते. तिच्या घरच्या बोलीत देवालाही तूच म्हणतात, तिथे माझी काय कथा! माझ्याबरोबर ती यायला लागली ती रान दाखवायला. पुढे रान मला पाठ झालं तरी येत राहिली, कारण माझी बडबड ऐकायला तिला मजा वाटायची. "तू लय खोटं बोलते, पण चांगलं बोलते," असं प्रशस्तिपत्र तिने मला दिलंय. कॉलेजच्या छत्रीपेक्षा मला त्याची किंमत जास्त आहे.

तिचा एकच कडक नियम होता. अळंब्याला बोट दाखवायचं नाही. वेलीवरच्या कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, हे महाराष्ट्रात कोणालाही माहीत असतं. जयवंतीच्या मते अळंब्याचं तर काही विचारूच नका, ती काकडीहून नाजूक. दाखवायचंच असेल तर बोट दुमडून, पेराने दाखवायचं. मी जन्माची मास्तरीण. माझं तर्जनी हे बोट देवाने सरळच घडवलंय. दिसलं अळंबं की माझं बोट भाल्यासारखं जायचं आणि त्यावर जयवंतीची चापटी बसायची. "कुजव, कुजव! सगळा रान कुजव!" मी तिला बुरशी कशी जगते, कशी मरते, सगळं शास्त्रशुद्ध समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वळणावर पुन्हा चापटी मारली.

रानातून माल आणायचा म्हणजे कागदाच्या पुडीतच आणायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत अळंब्याला घाम येतो आणि ते सडतं. मग वाळवायचं. जव्हारच्या पावसाळ्यात काही वाळवणं हा एक विनोदच आहे. अंगावरचे कपडे वाळले तर शेजारणी येऊन बघून जातात. म्हणून माझा माल जयवंतीच्या चुलीवरच्या माळ्यावर राहायचा. तिथून मुंबई. तिथे त्याची पूड, पुडीचा अर्क, आणि त्या अर्काचा थेंब काचेच्या डिशमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर. पेशी मेल्या तर पुढे जायचं. नाही मेल्या तर बाईंना कळवायचं की यंदाचा माल बाद.

एका वर्षी मात्र मुंबईहून जो फोन आला, तसा त्याआधीही आला नव्हता आणि नंतरही नाही. "मॅडम, सगळ्या मेल्या! एकूण एक!" फोनवरच्या मुलीला बोलताना धाप लागली होती. एक अगदी साधी, ओंडक्यावर सगळीकडे उगवणारी बुरशी आणि तिने डिश साफ केलेली. प्रयोगशाळेत पेढे वाटले म्हणे. मीही वाटले असते, पण मला जरा चमत्कारिक वाटलं, कारण त्या खेपेचं फणसअळंबंही तसंच मारत सुटलं होतं, आणि तिसरंही, आणि चौथंही. एका माळ्यावरच्या सगळ्या बुरश्या एकदम धन्वंतरी कशा झाल्या? मी साखरशेतला गेले आणि जयवंतीला विचारलं, माळ्यावर माझ्या मालाला काही केलंस का?

"केलं की," ती कौतुकाने म्हणाली. "तुझ्या मालाला किडं लागत व्हतं. मी ढेकणाची पावडर मारली. चांगली मूठभर."

मुंबईच्या कॅन्सरपेशी ढेकणासारख्या मेल्या होत्या. मी प्रयोगशाळेला कळवलं. पेढे तोवर खाऊन झाले होते. त्या दिवसापासून कोणी मला सांगितलं की अमक्या पाल्याने डिशमधल्या पेशी मरतात, की मी विचारते, आणि फिनेलने? साबणाच्या पाण्याने? डिशमधली पेशी मारणं सोपं. माणूस जिवंत ठेवून त्याच्या आतली पेशी मारणं, हे खरं काम. डिशनंतर उंदीर, उंदरानंतर कितीतरी वर्षं माणसांवर चाचण्या, आणि प्रत्येक पायरीवर गळती. जपानात एका बुरशीचा अर्क इस्पितळातल्या उपचारांच्या जोडीला देत असत, हे मी वाचलंय. पण जोडीला. बदली नव्हे.

हे मी एका वार्ताहरालाही सांगितलं होतं. अगदी चहा पाजून, ढेकणाच्या पावडरीसकट सांगितलं होतं. त्याने मान डोलावली, मला फणसाजवळ उभं करून फोटो काढला आणि छापलं, 'जव्हारच्या जंगलात कॅन्सरवर रामबाण!' चहा मात्र त्याने दोनदा घेतला.

त्यानंतर माझ्या दारात जी रीघ लागली ती लागली. ठाण्याहून एक गृहस्थ ट्रक घेऊन आले. त्यांना फणसअळंबं खोडासकट हवं होतं, म्हणजे बंगल्यात लावता येईल. मी म्हटलं, फणस लावून पन्नास वर्षं वाट पाहा, स्वस्त पडेल. जव्हारच्या बाजारात टाय लावलेला एक तरुण लाल अळंब्याची कॉफी विकायचा. एकाच पाकिटात मधुमेह, सांधेदुखी, कॅन्सर आणि मुलांचं अभ्यासात लक्ष नसणं, सगळं जायचं. त्याला माझा अभिप्राय हवा होता. मी विचारलं, तुम्ही रोज पिता? म्हणाला, पितो. तुम्हाला कॅन्सर आहे? म्हणाला, नाही हो! मी म्हटलं, मग गुण दिसतोच आहे. टोमणा कोणाला मारावा याचीही अक्कल लागते. दुसऱ्या दिवसापासून तो बाजारात सांगत सुटला, कॉलेजच्या बाईंनीच कबूल केलंय, गुण दिसतो म्हणून!

हसायला सोपं आहे. पण ट्रकवाल्या गृहस्थांची बायको घरी पडून होती, हे मला ते गेल्यावर त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं. घरात कोणी तसं पडलेलं असलं की माणूस दगडालाही पत्ता विचारतो. मी त्यांना पाठवताना जरा कमी हुशारी केली असती तर बरं झालं असतं, असं वाटतं. आणि दाभोशाच्या वाटेवर एक थोराड फणस होता. त्याचं खोड लोकांनी कुऱ्हाडीने सोलून काढलं. अळंबं संपल्यावर नुसती सालही नेली. पुढच्या उन्हाळ्यात तो वठला. त्या झाडाखाली मी कितीतरी वेळा डबा खाल्ला होता. अजून त्या वाटेने जीपमधून जाताना मी दुसऱ्या बाजूला बघते.

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

माझ्या निवृत्तीनंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. जयवंतीच्या घरी पाऊस उघडायची वाट बघत बसले होते. ती चुलीशी कोरा चहा करत होती. भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारी, माझा तो फणसाजवळचा फोटो डकवलेला. इतक्यात कोपऱ्यातल्या सहाणेकडे माझं लक्ष गेलं. सहाण ओली होती आणि तिच्यावर तपकिरी वर्तुळ होतं. फणसअळंबं उगाळल्यावर उमटतं तसंच.

घरात तान्हं मूल नव्हतं. शेजारच्या घरातही नव्हतं.

"हे कोणासाठी उगाळलंस?" मी विचारलं.

"कोणासाठी नाय," ती म्हणाली आणि पदर ओढून घेतला. तेवढ्यात मला दिसलं, तिच्या पोलक्याला डाव्या बाजूला आतून तपकिरी डाग आला होता.

"दाखव," मी म्हटलं.

तिने पदरावरूनच, बोट दुमडून, पेराने दाखवलं. "हितं हाय. आवळ्यायेवढी."

"कधीपासून?"

"मागल्या आवणीपासून."

आवणी म्हणजे भाताची रोपं लावायची वेळ. म्हणजे वर्ष झालं होतं. वर्षभर ही बाई माझ्याबरोबर रानात हिंडत होती, माझ्या हातावर चापट्या मारत होती, आणि घरी येऊन छातीला फणसअळंबं लावत होती. मी ओरडले. मी ओरडते म्हणजे काय, ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

"अगं, हे पोरांच्या हिरड्यांना लावायचं औषध आहे!"

"मंग तुझ्या फोटूखाली काय लिवलंय?" तिने भिंतीकडे हनुवटी केली. "पोराने वाचून दाखवलंय मला."

"ते पेपरवाल्याने लिहिलंय. मी नाही."

"फोटू तर तुझाच हाय."

मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. डिश, उंदीर, चाचण्या. पेशी कशानेही मरतात, तुझ्या ढेकणाच्या पावडरीनेसुद्धा मेल्या होत्या, आठवतं ना? तिला हसू आलं. म्हणाली, "मंग ती लावू का?" मी हसले नाही. तेव्हा तीही गंभीर झाली. चुलीतलं लाकूड आत सारलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "जर याच्यानं काय व्हत नाय, तर तू येवढी वर्सं रानात कशाला हिंडतीस?"

मला उत्तर सुचलं नाही. फळ्यासमोर उभं राहून आयुष्य काढलेल्या बाईला उत्तर सुचलं नाही.

त्यानंतर मी तिच्या मागे लागले. आज चल, उद्या चल, मुंबईला मोठं इस्पितळ आहे, माझी विद्यार्थिनी तिथे नर्स आहे. जयवंती म्हणायची, आवणी उरकली की जाऊ. आवणी उरकली. मग म्हणाली, निंदणी. मग नाचणी. शेतकऱ्याच्या घरात वर्षभर काही ना काही उभं असतंच, आणि ते सगळं तिने त्या गाठीच्या आणि इस्पितळाच्या मध्ये रचून ठेवलं. खरं कारण एकदा तिच्या तोंडून निघालं. मोखाड्याची तिची मावसबहीण अशीच मुंबईला गेली होती. "कापून आणली नि मेली. मला नाय कापून घ्यायचं. मरायचं तर सगळीच्या सगळी मरंन." मी म्हटलं, ती फार उशिरा गेली होती. जयवंती म्हणाली, "मंग मलाबी उशीरच झालाय ना."

लहानूला मध्ये घातलं. तो बिचारा दोन दिवस उंबऱ्यात बसून राहिला. "बाई, मी काय सांगू? तिनं आजवर माझं कवा ऐकलंय?" मीही त्याला शिकवायचं सोडून दिलं. तिची गाठ आवळ्याची लिंबाएवढी झाली. हे मला तिनेच सांगितलं, बोट दुमडूनच. माझी झोप उडाली होती आणि तोंड बंद झालं होतं, आणि तोंड बंद होणं ही माझ्या घरच्यांच्या दृष्टीने जास्त काळजीची गोष्ट होती.

भाद्रपदातली एक दुपार. मी तिच्या अंगणात बसले होते. भांडून झालं होतं. तिच्या घराच्या कौलांवर काकडीचा वेल चढलेला. त्याला एक करंगळीएवढी, फूल अजून टोकाला चिकटलेली काकडी धरली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "ती बघ, धरली," आणि माझं बोट सवयीने भाल्यासारखं गेलं.

फाडकन चापटी बसली. "बोट दावू नको! कुजंल ती!"

माझा हात चुरचुरत होता. मी तिच्याकडे बघितलं आणि आयुष्यातलं सगळ्यात अशास्त्रीय वाक्य बोलले. "मग तिला दाखव ना."

"कुणाला?"

"तुझ्या गाठीला. वर्ष झालं, तू तिला वाकडं बोट दाखवतेस. कोवळ्या काकडीला जपावं तशी जपतेस तिला. मी सांगितलं तर ऐकत नाहीस, डॉक्टरला दाखवत नाहीस, आणि बोट दुमडून तिचा मान राखतेस! तुझ्याच नियमाने बघ. कोणाला कुजू द्यायचं नाही तुला, काकडी का गाठ?"

जयवंतीला हसू फुटलं. इतकं की तिला भिंतीला टेकावं लागलं. "लय खोटं बोलते तू," ती म्हणाली, "लय खोटं." आणि हसता हसता ती रडायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा. मी तिला जवळ घेतलं. मला भीती वाटत होती, आणि ते मी तिला सांगितलं. मला वाटतं, माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा तेच तिला खरं वाटलं.

पुढच्याच सोमवारी ती जव्हारच्या एसटी डेपोत पिशवी घेऊन उभी होती. नाचणी शेतात उभीच होती. "लहानू कापंल," ती म्हणाली. "वाकडी कापंल, पण कापंल."

इस्पितळात आमची डॉक्टर एक तरुण मुलगी होती. थकलेली, पण आवाज चांगला. तिने पडदा ओढला आणि म्हणाली, "कुठे आहे गाठ? दाखवा बरं, मावशी."

जयवंतीचा हात वर गेला. बोट सवयीने दुमडलेलंच होतं. मग ती थांबली आणि माझ्याकडे तिने पाहिलं. हळूहळू ते बोट तिने सरळ केलं, पार ताठ, आणि गाठीवर रोखलं.

"हितं," ती म्हणाली. आणि मग डॉक्टरला नाही, त्या गाठीलाच, "कुज आता, मेले."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आमच्याकडचा जुना उपचार आहे. तो झाला. आता तुमचा सुरू करा."

उशीर झाला होता, पण फार झाला नव्हता. ऑपरेशन झालं. मग सलाइनमधून द्यायची औषधं सुरू झाली. त्यांनी केस गेले, चव गेली, आणि माझ्याशी भांडायची ताकदही काही महिने गेली. ते मला सगळ्यात जड गेलं. एकदा मी तिच्या पलंगाशी बसून बाटलीवरचं नाव वाचलं आणि खुर्चीतच सरळ झाले. ते औषध मला माहीत होतं. थंड मुलखातल्या एका झाडाच्या सालीतून ते पहिल्यांदा निघालं. पोत्यांनी साल आणावी तेव्हा चिमूटभर निघायचं, आणि ते औषध म्हणून माणसापर्यंत यायला कितीतरी वर्षं गेली.

मी हे जयवंतीला सांगितलं. तिने डोळे उघडले.

"म्हंजे सालच ना? झाडाची?"

"सालच. पण त्यातलं नेमकं..."

"पण काय? साल ती साल. मी वेगळं काय सांगत व्हते?" तिचा आवाज बारीक होता, पण भांडण परत आलं होतं. मी देवाचे आभार मानले. मग बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत ती म्हणाली, "ती साल काढायला कोणतरी हिंडलं असंल ना रानात?"

"हिंडलं असणार."

"तुझ्यासारखं? बिनकामाचं?"

"त्याच्या घरच्यांना तसंच वाटलं असणार."

तिने डोळे मिटून घेतले. "मंग हिंड तू," ती म्हणाली. चुलीपाशी मला न सुचलेलं उत्तर तिनेच शोधून मला देऊन टाकलं, आणि मी खिडकीकडे तोंड करून नाक पुसलं.

आमच्या फणसअळंब्याचं काय झालं, असं विचाराल तर ते उंदरांपर्यंत पोहोचलंय. तिथून पुढे जाईल की नाही कोणाला माहीत. दुसऱ्या एका बुरशीवर आमची फार आशा होती. तिने कॅन्सरच्या पेशी मारल्या आणि त्याच उत्साहात चांगल्याही मारल्या, म्हणून ती बाद. माझ्या हयातीत यातून गोळी निघेल असं मला वाटत नाही. कोणाच्या हयातीत निघेल हेही ठाऊक नाही. निघाली तर पाकिटावर आमची नावं नसतील आणि ढेकणाच्या पावडरीचा उल्लेख तर नसेलच. तोवर ज्याला गाठ लागेल त्याने कृपा करून इस्पितळात जावं. माझ्या दारात येऊ नये. मी चहासुद्धा देणार नाही.

जयवंती आता तपासण्यांना वेळेवर जाते. डॉक्टर अजून 'बरी झाली' म्हणत नाहीत, 'ठीक चाललंय' म्हणतात. तोही एक प्रकारे 'शकेल का'च आहे, आणि तो मी आता दारात सोडत नाही, घरात घेते. तिच्या भिंतीवरचा माझा फोटो तिने काढला नाही. फक्त खालची बातमी कात्रीने कापून टाकली. आता नुसतीच मी फणसाजवळ उभी आहे, कशासाठी ते कोणाला कळणार नाही अशी.

यंदा श्रावणाच्या तोंडाला ती मला बोलवायला आली. डोक्यावर आखूड, दाट केस आले होते. डावा हात अजून पुरता वर जात नाही, म्हणून कोयती मी घेतली. साखरशेतच्या वरच्या अंगाला एक वारूळ आहे. त्याच्यावर दरवर्षी अळंबी येतात, मऊ, पांढरी, खायची, आणि ती जागा जयवंतीने नवऱ्यालाही सांगितलेली नाही. आम्ही वळलो आणि समोर सगळं वारूळ पांढरं झालेलं. मला राहवलं नाही. माझं बोट गेलं.

चापटी बसली. उजव्या हाताची, चांगली कडक, पूर्वीसारखी.

"किती सांगायचं तुला?" जयवंती म्हणाली. "ही खायची हायेत. सरळ बोट त्या मेलीसाठी राखून ठेव. परत आली तर लागंल."

मी बोट दुमडलं.